चोथ्यात राहिलेली साखर

हॉलंडमधल्या आमच्या न्यूनेन गावाच्या बाहेर पडलं की सायकलच्या रस्त्याला लागूनच शेतं सुरू होतात, आणि थंडी अंगाला लागायला लागली की त्या शेतांच्या कडेला बीटचे ढीग उभे राहतात. आपल्या कोशिंबिरीतलं लालभडक बीट नव्हे. हे साखरेचं बीट. मातकट पांढरं, जाडजूड, दिसायला अगदीच सामान्य. परवा ऑफिसातून येताना यंदाचा पहिला ढीग दिसला. ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्ताभर चिखल सांडला होता, आणि सायकली घसरतील म्हणून कुणी तरी इशाऱ्याची पाटी लावली होती. मी उतरले, सायकल हातात धरली आणि खोल श्वास घेतला. ओली माती, तुटलेली पानं आणि त्यात एक कच्चा गोडसर वास. इथले लोक या दिवसांना ‘कांपान्ये’ म्हणतात. मी मनातल्या मनात गळीत हंगामच म्हणते.

साखर कारखान्याच्या कॉलनीत वाढलेल्या माणसाला वर्षात दोनच ऋतू असतात: हंगाम चालू आणि हंगाम बंद. हंगाम चालू झाला की दोरीवरच्या कपड्यांवर बॉयलरची काजळी बसायची, गेटबाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागायची, भोंग्यावर स्वयंपाक व्हायचे. आणि वास. उकळत्या रसाचा वास गोड आणि उबदार असतो, त्यानं भूक लागते. मळीचा वास मात्र जड. साखर काढून झाल्यावर जो काळा, चिकट पाक उरतो तो मळी. ती शेजारच्या डिस्टिलरीत जायची आणि तिची दारू व्हायची. वारा डिस्टिलरीकडून आला की आप्पा उठून खिडकी लावायचे. मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील लावतात.

आप्पा म्हणजे माझे वडील. कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट. आमच्या घरी जेवताना पोळी किती फुगली यापेक्षा ‘उतारा’ किती आला याची चर्चा जास्त. गाळलेल्या उसातून प्रत्यक्ष साखर किती हाती लागली, तो उतारा. उतारा वाढला की आप्पा दुसऱ्यांदा भात घ्यायचे. घसरला की आई आम्हा पोरींना डोळ्यांनीच गप्प करायची. चिपाडात साखर राहणं आप्पांना अन्न पानात टाकण्यासारखं वाटायचं. ते बोलून दाखवायचे नाहीत, पण चेहरा सगळं सांगायचा.

आता माझ्याकडे बघा. मी त्याच माणसाची मुलगी. दिवसभर चिप तयार करणाऱ्या यंत्रांच्या यील्डवर, म्हणजे उताऱ्यावरच, लोकांशी वाद घालते, आणि सुट्टीच्या दिवशी बागेतल्या स्खूरमध्ये, म्हणजे सायकली आणि कुदळ-फावडी ठेवायच्या लाकडी खोलीत, बिअर करते. विकतच्या तयार अर्काची नाही. दाण्यापासून. मोड आणून सुकवलेला सातू, ज्याला माल्ट म्हणतात, तो फोडायचा, गरम पाण्यात तासभर भिजत ठेवायचा, त्यातल्या पिठाची आपोआप साखर होते. मग ते गोड पाणी निथळून घ्यायचं, उरलेला चोथा गरम पाण्यानं धुऊन आणखी गोडवा काढायचा, रस उकळायचा, थंड करायचा आणि त्यात यीस्ट सोडायचं. मला बिअर आवडते, हे पहिलं कारण. दुसरं कारण हे की दाण्याची साखर होताना त्या पिंपावर जो वास येतो, तो मला थेट कॉलनीत नेऊन सोडतो. दोन्ही कारणांची मला लाज नाही.

लाज बाळगणारे आमच्या मंडळींत पुष्कळ आहेत. आइंडहोवनच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांमध्ये एक रिवाज आहे, ज्याबद्दल कुणी उघड बोलत नाही. कुणाचे आईवडील भारतातून येणार असले की आदल्या आठवड्यात त्या घरातल्या बाटल्यांची पाठवणी होते. जवळच्या बेस्ट गावातल्या जोशांकडे सासू-सासरे आले की जोशांच्या बाटल्या आमच्या माळ्यावर. आमच्याकडे कुणी आलं की आमच्या त्यांच्याकडे. पन्नाशीला टेकलेली, घराचं कर्ज फेडणारी, कंपनीत शंभर जणांना कामाला लावणारी माणसं, पण बाबा आले की वाइनचा ग्लास बघून दचकणार. मी या प्रकाराला कायम हसत आले. माझ्या माळ्यावर लोकांच्या बाटल्या अशा शिस्तीत उभ्या असायच्या की गौरीच बसवल्यात असं वाटावं.

मग एका वर्षी आप्पाच यायचे ठरले. आई गेल्यानंतरचा त्यांचा पहिलाच प्रवास. हिवाळा सुरू होईपर्यंत राहणार होते.

“तुझं सामान जोशांकडे पोचवू का?” माझ्या नवऱ्यानं, मंदारनं विचारलं.

“काय काय पोचवशील? पिंप? शेगडी? पोतं?”

“ताडपत्री टाकू. म्हणू बागेचं सामान आहे.”

“मी माझ्या बापाशी ताडपत्रीखालून बोलणार नाही,” मी म्हटलं. मंदारनं हात वर केले. त्याला माझा स्वभाव माहीत आहे, आणि आप्पांचा तर आमच्या लग्नातच कळला होता.

त्याला जे पूर्ण माहीत नव्हतं ते थोरल्या काकांचं. आप्पांचे मोठे भाऊ. त्याच कारखान्यात वजनकाट्यावर होते. देखणा, हसरा माणूस, भजी तळली की वास काढत यायचा. दारूनं गेले. मी शाळेत होते. त्यानंतर आप्पांनी त्यांचं नाव आमच्यासमोर कधी घेतलं नाही. भिंतीवर फोटो होता, दसऱ्याला हार होता, पण नाव नाही.

आप्पा आले त्याच्या दुसऱ्या दिवशी चहा पिताना मी सरळ सांगून टाकलं. स्खूरमध्ये काय आहे, मी काय करते, कधीपासून करते.

आप्पांनी कप खाली ठेवला. “घरात दारू गाळतीस?”

“गाळत नाही, आंबवते. बिअर आहे.”

“मला केमिस्ट्री शिकवू नकोस.” आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “तुझं घर आहे, तुझा संसार आहे. तू मोठी आहेस. पण असल्या घरात मी राहणार नाही. विमानाचं तिकीट अलीकडं घेता येतंय का बघ.”

“रविवारपर्यंत थांबा. मग बघते,” मी म्हटलं. आणि हेही म्हटलं, कारण न म्हणणं म्हणजे पुन्हा ताडपत्रीच झाली असती: “पण मी बंद करणार नाही, आप्पा.”

आईविना पहिल्यांदाच एकटा प्रवास करून आलेला माणूस, त्याला मी आठवडाभरात परत पाठवणार की काय? मंदार म्हणाला, एका हंगामापुरतं सोड. मला ते पटलं नाही. सोडलं असतं तर आप्पा राहिले असते, पण पाहुण्यासारखे. आणि मला त्यांना पाहुणा करायचं नव्हतं.

त्यात माझी बिअर त्या दिवसांत पाणचट होत होती. दुकानातून माल्ट फोडूनच मिळायचं, आणि हिशेबाप्रमाणे रसात जेवढी साखर यायला हवी त्यापेक्षा खूपच कमी यायची. चोथा हातात घेतला की त्यात अख्खे दाणे दिसायचे, न फुटलेले, आत पीठ तसंच. म्हणजे मी धान्य भिजवत होते आणि त्यातलं निम्मं सत्त्व कचऱ्यात घालवत होते. ज्या घरात उतारा हा देव होता, त्या घरातली मुलगी! उपाय मला सोपा वाटला. बारीक दळलं की पाणी सगळीकडे पोचेल, साखर जास्त सुटेल. आणि बारीक दळायला माझ्याकडे पुण्याहून कंटेनरमधून आणलेली घरघंटी होती. भाकरीच्या पिठासाठी आणलेली. डच माणसाला असली चूक करताच येणार नाही, कारण त्याच्या धुण्याच्या खोलीत वॉशिंग मशीनशेजारी पिठाची गिरणी नसते.

शनिवारी सकाळी मी ते फोडलेलं माल्ट घरघंटीत, सगळ्यात मोठ्या भोकांच्या जाळीवर, पुन्हा दळून काढलं. गरम पाण्यात घातलं. तासाभरानं पिंपाच्या तळाचा नळ उघडला. एक थेंब पडला आणि बस्स. पुन्हा उघडला, काठीनं ढवळलं, पिंप हलवलं. आत खळ झाली होती. पुस्तकांना लावायची खळ. अति तिथं माती म्हणतात, माझ्याकडे अति तिथं चिखल झाला. नंतर कळलं, पण तेव्हाच कळायला हवं होतं: दाण्याचं टरफलच गाळणीचं काम करतं. टरफल अख्खं राहिलं तर त्याच्या फटींतून रस निथळतो. मी टरफलाचाही भुगा केला होता.

दार उघडं होतं. वास बागेभर गेला असणार. वळून बघते तो आप्पा दारात उभे. पायांत मंदारच्या चपला, अंगावर शाल. आत पाऊल टाकलं नव्हतं. उंबऱ्याबाहेरूनच नाक वर करून श्वास घेत होते.

“हा तर रसाचा वास आहे,” ते म्हणाले.

“रसच आहे. यात अजून दारू नाही. यीस्ट घातल्याशिवाय होत नाही.”

“ते माहीत आहे मला.” त्यांची नजर नळाकडे गेली. “अडकलंय?”

“हो.”

“आत साखर किती आहे?”

मी ब्रिक्स सांगितला. रसातली साखर मोजायचं ते माप, त्यांनी जन्मभर वापरलेलं. आप्पांचा चेहरा मी ओळखते. त्यांच्या तोंडावर तीच जुनी कळ उठली, जी उतारा घसरल्यावर जेवताना उठायची. एवढी साखर, आणि ती चिखलात अडकलेली. ते वळले आणि घरात गेले. मला वाटलं, संपलं. परत आले तेव्हा त्यांच्या हातात त्यांचा धुतलेला पांढरा पंचा होता, चौघडी घातलेला.

“चक्का बांधतात तसा बांध,” ते म्हणाले.

मग आम्ही दोघांनी तो चिखल तांब्यातांब्यानं पंच्यात ओतला, गाठ मारली आणि छताच्या आडव्या वाशाला टांगला, खाली पातेलं. रस ठिबकायला लागला. आप्पांनी शाल काढून सायकलच्या सीटवर ठेवली. ते आत आले होते, आणि आपण आत आलो हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. शेवटच्या मिलच्या आधी चिपाडावर गरम पाणी मारतात, तसं त्यांनी किटलीनं गाठोड्यावर गोल गोल पाणी मारलं. थांबून, मुरू देऊन, पुन्हा. मी आजवर सगळं पाणी एकदम ओतत होते आणि ते वाट मिळेल तिथून पळून जात होतं. हे बघून समजलं. मग त्यांनी गाठोड्याला हात घातला आणि पिळायला लागले.

“पिळू नका!” मी ओरडले.

“चिपाडात ठेवू काय निम्मं?”

“टरफलाचा भुगा आहे त्यात. पिळलं तर तो सगळा रसात उतरेल, तुरट होईल. ऊस पिळायचा, आप्पा. दाणा निथळायचा.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हात काढला आणि पंच्यालाच पुसला. “बरं,” म्हणाले. आप्पांच्या तोंडून ‘बरं’ ऐकायला आई तीस वर्षं थांबली होती. मला ते एका सकाळीत मिळालं, त्याचा मी अजूनही अभिमान बाळगते.

ठिबक चालू होती. बाहेर आमच्या डच शेजाऱ्याचं, खेरिटचं झाड पानं गाळत होतं. मी धीर केला. म्हटलं, “तुम्हाला उताऱ्याचं एवढं वेड का होतं? दुसरे केमिस्ट तर वेळ झाली की घरी जायचे.”

आप्पा किटलीत पाणी भरत होते. भरून झाल्यावर बोलले. “साखर पोत्यात गेली नाही तर मळीत जाते. मळी कुठं जाते?”

“डिस्टिलरीत,” मी म्हटलं.

“मळीत जेवढी साखर कमी जाईल तेवढी दारू कमी. एवढंच होतं माझ्या हातात. कुणाला सांगायचो नाही, लोक हसले असते. एक माणूस लॅबमध्ये बसून डिस्टिलरी उपाशी मारायला निघालाय.” ते थोडं हसलेही. “डिस्टिलरीला काय कमी पडलं नाही. पण मी काढत राहिलो.”

थोरल्या काकांचं नाव त्यांनी तेव्हाही घेतलं नाही. पण मला एकदम सगळे हंगाम दिसले. दुसऱ्यांदा घेतलेला भात, बंद केलेली खिडकी. मी त्यांना कामाचे वेडे समजत होते. ते भावाला वाचवत होते, तो गेल्यानंतरसुद्धा. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. गरम पाण्याच्या वाफेत कुणाला कळतं!

“आणि आता बघ,” ते म्हणाले, “तुझ्याकडं सगळं उलटं. इथं जेवढी साखर काढू तेवढी दारू वाढणार. आणि मी पाणी मारत बसलोय.” त्यांनी किटली खाली ठेवली.

माझं म्हणणं तेव्हा त्यांना पटलं नसतं तर आप्पा त्या रविवारी तिकीट बदलूनच मोकळे झाले असते. पण मला या बाबतीत जराही शंका नव्हती, आणि शंका नसली की मी नीट बोलते.

“नाही आप्पा. दारू किती करायची ते मी ठरवते, उतारा नाही. पिंप तेवढंच, बिअर तेवढीच, तिची ताकदही तेवढीच. उतारा वाढला की फक्त धान्य कमी लागतं. आज मला एक पोतं लागत असेल तर पाऊण लागेल. पाव पोतं दाणे शेतात राहिले असं समजा.”

केमिस्ट खोटं पटवून घेत नाही, पण खरं असेल तर टाळतही नाही. त्यांनी ओठ हलवत मनाशी काही मांडलं. मग किटली पुन्हा उचलली.

“यीस्ट घालायच्या आधीपर्यंत मी आहे,” म्हणाले. “पुढचं तुझं तू.”

आणि तसंच झालं. रस उकळला, थंड झाला, मी यीस्टची पुडी काढली, तशी आप्पांनी हात धुतले, शाल घेतली आणि पूजेतून उठावं तसे उठून घरात गेले. रविवारी तिकिटाचा विषय निघाला नाही. मीही काढला नाही.

त्या हंगामात आम्ही तीनदा-चारदा तरी केलं असेल. घरघंटी भाकरीच्या पिठाकडे परत गेली. खेरिटनं त्याची जुनी हातानं फिरवायची दोन रुळांची गिरणी दिली आणि मी माल्ट अख्खंच आणायला लागले. ती बघून आप्पा “हा तर चरक!” म्हणत तिच्याभोवती फिरले. रुळांमधली फट किती ठेवायची यावर आमचे दोन दिवस गेले. दाण्यावर आधी पाण्याचा हबका मारून ठेवला तर टरफल चिवट होतं आणि अख्खं राहतं, ही युक्ती मला सुचली. खिरीसाठी गहू कांडायच्या आधी आई ओलवून ठेवायची, ते आठवलं. पाण्यात थोडा आंबटपणा लागतो म्हणून मी दुधातलं आम्ल थेंबाथेंबानं घालायचे, तर आप्पा म्हणायचे, “रस साफ करायला आम्ही जन्मभर चुना घातला, तू आंबट घाल.” आणि निथळून झाल्यावर चोथ्याची चिमूट दोघं चावून बघायचो. फिकी लागली की जिंकलो. एकदा अगदी फिकी लागली. आप्पांनी त्या चोथ्याची थालीपिठं करायला लावली आणि तीन खाल्ली.

आता वाटतं, यील्ड हा शब्द मी ऑफिसात रोज किती कोरडेपणानं वापरते. त्यामागे कुणाचं काय अडकलेलं असतं, ते तक्त्यावर दिसत नाही. चोथ्यात थोडी साखर राहतेच, सगळी कधीच निघत नाही. पण ती काढायला आपण किती वेळा पाणी मारतो, त्यावर माणूस कळतो.

आप्पा परत जायच्या आधीच्या रविवारी पहिली बाटली तयार झाली. इथे शरदात काळपट, जरा गोडसर बॉकबिअर पितात, तशीच. दुपारची वेळ होती. खेरिट आला, मंदारनं ग्लास मांडले. आप्पा अशा वेळी वर खोलीत जातील असं आम्ही धरून चाललो होतो. ते खाली आले आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

माझा ग्लास त्यांनी उचलला. आप्पांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, लॅबमध्ये नमुना धरायचे तसा. रंग बघितला, फेस बघितला. मग नाकाजवळ नेऊन हळूच वास घेतला आणि ग्लास माझ्यापुढे ठेवला.

“दादाला आवडली असती,” ते म्हणाले.

काका गेल्यापासून हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला: दादा, म्हणजे थोरले काका.

“पण एवढ्यावर थांबला नसता तो.” आप्पांची नजर ग्लासवरच होती.

“मी थांबते, आप्पा,” मी म्हटलं, आणि त्यांच्या देखत ग्लास तोंडाला लावला. ते उठून गेले नाहीत.